मकाऊ पोपटाचा आहार व निगा

पोपट पाळण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. पडवीत टांगलेला पिंजरा, त्यात हिरवा राघू आणि समोरच्या वाटीत भिजविलेली हरभऱ्याची डाळ व एखादी मिरची, हे दृश्य मागील पिढीतील लोकांच्या चांगल्या परिचयाचे होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या रानातील कोणताही पोपट पकडणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हौशी लोकांचे लक्ष परदेशी पक्ष्यांकडे वळले, आणि त्यांत आकाराने व रंगाने सर्वांत उठून दिसणारा पक्षी म्हणजे मकाऊ. शेतावर कृषी पर्यटन केंद्र चालविणारे आणि केवळ आवडीखातर पक्षी ठेवू इच्छिणारे शेतकरी याविषयी विचारणा करतात. त्यांच्यासाठी व गावोगावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ही माहिती देत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाळीव मकाऊ उपासमारीने क्वचितच मरतो. त्याला धोका असतो तो भरपूर परंतु चुकीच्या खाण्याचा, आणि त्यातही विशेषेकरून बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या दाण्यांचा. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत भुईमूग घरोघरी असतो, म्हणून इकडील पक्षिपालकाने या बाबीकडे अधिक लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

पक्षी आणण्यापूर्वी

मकाऊच्या अनेक जाती आहेत. आपल्याकडे बहुधा निळा-पिवळा मकाऊ पाळला जातो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे ८० ते ९० सेंटिमीटर भरते व पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे वजन साधारणतः एक किलोग्रॅमच्या आसपास असते. निगा चांगली राहिली तर तो ४० ते ६० वर्षे जगू शकतो. ज्या घरी बैल, गाय किंवा कुत्रा पाळण्याची सवय आहे त्या घरच्या माणसास या आकड्याची सहसा कल्पना नसते. पस्तिशीतील गृहस्थाने आणलेले पिल्लू त्याच्या पश्चात मुलाच्या व कदाचित नातवाच्याही हाती जावयाचे असते. तेव्हा घरातील तरुण मंडळींची संमती असल्याखेरीज हा पक्षी आणू नये. जत्रेतील खेळणे विकत घेण्यासारखा हा व्यवहार नव्हे.

वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या करारात मकाऊच्या सर्व जाती मोडतात. वन्यजीव अधिनियमात २०२२ साली जी दुरुस्ती झाली ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, व तीस अनुसरून २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. त्यांप्रमाणे अशा पक्ष्याची नोंद केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. विक्रेत्यापाशी पक्ष्याची कागदपत्रे नसतील तर कितीही स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नये. नोंदणीसंबंधी शंका असल्यास जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात विचारणा करावी.

मूळ प्रदेश व तेथील खाणे

निळ्या-पिवळ्या मकाऊचे माहेर दक्षिण अमेरिकेत, मुख्यत्वे अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. तेथे हे पक्षी जोडीने व थव्याने राहतात आणि अन्नासाठी रोज मैलोगणती उडतात. ताडवर्गीय झाडांची तेलकट फळे, कच्ची-पिकली रानफळे, कठीण कवचाच्या बिया, कोवळा पाला, फुले असे नानाविध खाणे ते ऋतुमानाप्रमाणे खातात. पेरू देशातील नद्यांच्या दरडींवर तर मकाऊंचे थवे चिकणमाती खाण्यासाठी जमतात. त्या मातीतील सोडियम हे त्याचे एक कारण मानले जाते. (हे वाचून कोणी आपल्या शेतातील माती पक्ष्यास देऊ नये. तिच्यात खते व औषधे यांचा अंश असतो.)

एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या आपलीच पिके समजतो त्यांपैकी भुईमूग, मका, मिरची, रताळे, पेरू, पपई, काजू ही सारी मूळची अमेरिका खंडातीलच होत. तेव्हा मकाऊसाठी परदेशी खाद्य मागविलेच पाहिजे असे नाही. शहरात दुकानांतून मिळणारे गोळीखाद्य परवडत असेल तर ते उत्तम, व आहाराचा निम्मा भाग त्याचा ठेवल्यास समतोल आपोआप साधतो. परंतु ते नियमाने मिळत नसेल तर शेतातील व बाजारातील जिनसांवरही पक्ष्याची चांगली जोपासना करता येते. मात्र त्यासाठी आहाराची मांडणी समजून घेतली पाहिजे.

नुसत्या बियांवर पक्षी का पोसू नये

सूर्यफूल आणि भुईमूग यांच्या बिया मकाऊस अतिशय प्रिय असतात. समोर दहा जिनसा ठेवल्या तरी तो आधी त्याच वेचून खातो, आणि मालकास वाटते की पक्ष्याला हेच मानवते. वास्तविक या बियांत स्निग्धांश पुष्कळ, पण ‘अ’ जीवनसत्त्व व कॅल्शियम अत्यल्प असते. मकाऊस इतर पोपटांपेक्षा स्निग्ध पदार्थ काहीसे अधिक लागतात हे खरे. तथापि रानात दिवसभर उडणाऱ्या पक्ष्याची गरज पिंजऱ्यात बसून राहणाऱ्यास लावता येत नाही. असा पक्षी वरून गुबगुबीत दिसतो आणि आतून त्याच्या यकृतात चरबी साठत जाते.

‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव झाली म्हणजे नाक वाहणे, शिंका येणे, तोंडात पांढरट पुटकुळ्या उठणे, पायांच्या तळव्यांची कातडी गुळगुळीत होऊन पुढे जखमा पडणे अशी लक्षणे दिसू लागतात. कित्येकदा मालक याला सर्दी समजून वाफारा देत बसतो. खरा उपाय वाटीतील खाण्यात असतो.

या जीवनसत्त्वासाठी आपल्याकडे साधने विपुल आहेत. मिरज तालुक्यातील कवलापूरच्या गाजरांची ख्याती सर्वांस ठाऊक आहे. लाल भोपळा, पिवळ्या गराचे रताळे (उकडून), पपई, मेथी, कोथिंबीर हीही चांगली. माझ्या मते या सर्वांत पहिला मान शेवग्याच्या पाल्याचा आहे, कारण त्यात ‘अ’ जीवनसत्त्वाबरोबर कॅल्शियमही असते आणि तो परसात बारमाही फुकट मिळतो. पालक रोज देऊ नये, त्यातील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. तांबडी किंवा हिरवी मिरची अवश्य द्यावी. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणूनच पोपट ती आनंदाने खातात.

कॅल्शियमसाठी किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्यास बांधून ठेवावा. पक्षी गरजेप्रमाणे तो कुरतडतो. त्याच्या जोडीला सकाळचे कोवळे ऊन अर्धा-पाऊण तास मिळाले पाहिजे. काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग होत नाही. कोंबड्यांना जसे खडे लागतात तसे मकाऊस लागत नाहीत, कारण तो बी सोलून खातो.

रोजचा आहार

एक किलोग्रॅम वजनाच्या पक्ष्यास दिवसाकाठी सर्व मिळून १०० ते १२० ग्रॅम खाणे पुरते. त्याची विभागणी पुढीलप्रमाणे करावी. सकाळी उजाडल्यावर पक्षी भुकेला असतो. त्या वेळी भाज्या व पाला यांचे बारीक तुकडे ४० ग्रॅम आणि त्यांत मिसळून मोड आलेली मटकी किंवा मूग, शिजविलेली ज्वारी अथवा मक्याचे कोवळे दाणे असे ३० ते ३५ ग्रॅम द्यावे. दुपारी पेरू, पपई, डाळिंब, सफरचंद (बिया काढून) यांपैकी एखाद्या फळाच्या २० ग्रॅम फोडी द्याव्यात. कठीण कवचाची व तेलकट फळे सायंकाळी द्यावीत: एक अक्रोड कवचासकट, दोन बदाम, ओल्या किंवा सुक्या खोबऱ्याचा बोटभर तुकडा, आणि सूर्यफूल-करडईच्या बिया चहाचा एक चमचा. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा चालतो.

मोड आणताना कडधान्य दिवसातून तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे. बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वास येणारे मोड टाकून द्यावेत. राजमा मात्र कच्चा वा नुसता मोड आणलेला कधीही देऊ नये. ओले खाणे उन्हाळ्यात दोन तासांनंतर वाटीत राहू देऊ नये. पाणी दिवसातून दोनदा बदलावे, कारण मकाऊ आपला घास पाण्यात बुडवून खातो व पाणी लवकर नासते.

ज्या पक्ष्याला वर्षानुवर्षे बियांचीच सवय आहे त्याचे खाणे एकाएकी बदलू नये, तो नव्या पदार्थाला शिवणारही नाही. तीन-चार आठवडे बिया हळूहळू कमी करीत जाव्यात व त्या अवधीत रोज सकाळी खाण्यापूर्वी पक्ष्याचे वजन करावे. साध्या दुकानी तराजूवर लाकडी दांडी बांधली म्हणजे पक्षी त्यावर बसावयास शिकतो. वजन दहा टक्क्यांनी घटले तर काही तरी गंभीर बिघडले आहे असे समजावे.

भुईमूग व बुरशीचे विष

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्यांची एक लाखांहून अधिक पिल्ले काही महिन्यांत मरण पावली. कारण कळेना, म्हणून त्या रोगास ‘टर्की एक्स’ असे नाव देण्यात आले. शोधाअंती असे आढळून आले की, पिल्लांना घातलेली भुईमुगाची पेंड ब्राझीलमधून आली होती व तिच्यात अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने निर्माण केलेले विष होते. हेच अफ्लाटॉक्सिन होय. ते यकृतावर आघात करते. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने माणसेही दगावली. ज्या विषाने माणूस मरतो ते एक किलोच्या पक्ष्यास किती थोडे पुरत असेल याचा विचार करावा.

ही बुरशी शेतातच लागते व साठवणीत वाढते. शेंगा भरण्याच्या काळात पावसाची ताण पडली, खुरपे-कुदळीचा घाव लागला, किडीने शेंग पोखरली किंवा काढणीच्या वेळी पाऊस येऊन शेंगा ओल्या राहिल्या की बुरशीस वाट मिळते. आपल्याकडील खरिपाचा भुईमूग नेमका परतीच्या पावसात सापडतो. काढणीनंतर वेल उलटे करून शेंगा वर येतील असे वाळवावेत. मूठभर शेंगा कानाशी हलविल्या असता दाणे खुळखुळ वाजले पाहिजेत. दाण्यांतील ओलावा ८ टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच पोती भरावीत व ती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत. ही काळजी बाजारात चांगला भाव मिळण्यासाठी घ्यावयाचीच असते. पक्ष्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत.

आता व्यवहारातील अडचण अशी की, चांगला दाणा विक्रीस जातो आणि घरी उरतो तो निवडीतला. सुरकुतलेला, काळपट, फुटका, भुंग्याने खाल्लेला असा हा दाणा ‘पाखरालाच तर द्यायचा आहे’ म्हणून पिंजऱ्यात पडतो. हा समज पूर्णतः उलट आहे. अफ्लाटॉक्सिन अशाच दाण्यांत सर्वाधिक असते. कार्यकर्त्यांनी हा एक मुद्दा घरातील स्त्रियांना प्रत्यक्ष दाणे निवडून दाखवावा, कारण पक्ष्याच्या वाटीत काय पडते हे बहुधा त्याच ठरवितात.

दाणे भाजले म्हणजे दोष जातो असेही पुष्कळांना वाटते. भाजल्याने बुरशी मरते, परंतु तिने आधी तयार केलेले विष बऱ्याच अंशी तसेच राहते. शिवाय ते डोळ्यांस दिसत नाही. वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही असू शकते. म्हणून पक्ष्यास शेंगा सालासकट देऊ नयेत. माणसाच्या खाण्याच्या प्रतीचे, निवडलेले, बिनमिठाचे भाजलेले चार-पाच दाणे बक्षीस म्हणून हातातून द्यावेत, त्यापलीकडे भुईमुगाची गरज नाही. ज्यास ही निवड रोज जमणार नाही त्याने भुईमूग अजिबात बंद करावा. त्यावाचून पक्ष्याचे काही अडत नाही. हाच नियम मका, सूर्यफूल व सुके खोबरे यांनाही लागू आहे.

पेरणीतून उरलेले बियाणे हा आणखी एक धोका होय. त्यास बुरशीनाशक वा कीटकनाशक चोळलेले असते. ते धुऊनही देऊ नये. धान्याच्या कोठीत विषारी गोळ्या ठेवल्या असतील तर त्या खोलीत पिंजरा नसावा.

फळे, फवारणी आणि वर्ज्य पदार्थ

तासगाव, मिरज भागातील द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी ही फळे मकाऊ आवडीने खातो. परंतु द्राक्ष व डाळिंब या पिकांवर हंगामात वारंवार फवारणी होते. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबावे हे लिहिलेले असते. तेवढे दिवस उलटल्याशिवाय बागेतील मणी पक्ष्यास देऊ नये, आणि नंतरही दोन-तीन पाण्यांनी धुऊनच द्यावा. निर्यातीच्या मालासाठी आपण हे नियम पाळतोच. बेदाणा साखरेने भरलेला व गंधकाची धुरी दिलेला असतो, तो टाळावा.

अ‍ॅव्होकॅडो हे फळ पोपटवर्गीय पक्ष्यांस विषारी आहे. आपल्या राज्यातही काही बागायतदार ते लावू लागले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले. चहा, कॉफी, चॉकलेट, दारू, कांदा, लसूण, लोणचे, फरसाण यांपैकी काहीही देऊ नये. पाहुण्यांनी चहात बुडविलेले बिस्किट पिंजऱ्यात सारणे ही पर्यटन केंद्रावरची नित्याची गोष्ट आहे. तेथे पाटी लावून भागत नाही, पिंजऱ्याभोवती हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर कठडा करावा.

निवारा

एका पक्ष्यास पिंजरा किमान ४ फूट लांब, ३ फूट रुंद व ५ फूट उंच असावा, आणि तोही केवळ रात्रीपुरता. दिवसा पंख पसरून उडता येईल असे १५ ते २० फूट लांबीचे जाळीघर असल्यास पक्षी सुखी राहतो. खुराड्यासाठी वापरतात ती जस्ताचा मुलामा दिलेली जाळी येथे चालत नाही. मकाऊ जाळी चावतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. स्टेनलेस स्टील वापरावे. बसण्यास पेरूच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या बांधाव्यात, म्हणजे पायांस व्यायाम होतो. कण्हेर, एरंड, रुई यांची लाकडे आसपासही नसावीत. चोचीला सतत काम हवे असते, म्हणून नारळाची करवंटी, बांबूचे कांडे, कणसाचा बुरकुंडा असे कुरतडावयास द्यावे. एकटा, रिकामा बसलेला मकाऊ आपलीच पिसे उपटू लागतो, व ती सवय लागल्यावर सोडविणे फार कठीण जाते. रात्री दहा-बारा तास शांत अंधार मिळावा.

आपल्या दोन जिल्ह्यांतील हवामान एकसारखे नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत उन्हाळ्याचा ताप मोठा असतो. पक्षी पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी टाकून धापा टाकू लागला की त्यास ऊन बाधले असे जाणावे. पत्र्याच्या छपरावर उसाचे पाचट पसरावे, आणि सकाळी अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. उलट महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात खाद्यास बुरशी लागण्याचे भय असते. तेथे पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतेच खाद्य आणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

पक्ष्याची फुप्फुसे धुरास फार नाजूक असतात. चूल, गुऱ्हाळ, जळते पाचट, धूप, डासांची उदबत्ती यांपासून पिंजरा दूर ठेवावा. नॉनस्टिक तवा रिकामा तापून त्याच्या लेपाचा धूर झाला तर बंद घरातील पक्षी काही मिनिटांत मरतो.

रोग व उपचार

मकाऊ व कोंबड्या एकत्र ठेवू नयेत. मानमोडी अर्थात राणीखेत रोग दोहोंसही होतो व एकाकडून दुसऱ्याकडे जातो. नवा पक्षी आणल्यास तो दीड महिना वेगळा ठेवावा. पोपटांच्या विष्ठेतून माणसास सिटॅकोसिस हा ज्वर व खोकल्याचा आजार होऊ शकतो. यास्तव विष्ठा ओली करूनच झाडावी, तोंडास फडके बांधावे, आणि घरात कोणास तसा ताप आला तर घरी पोपट आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

पक्षी आपले दुखणे शक्य तोवर लपवितो, हा त्याचा जातिस्वभाव आहे. म्हणून रोज सकाळी विष्ठा पाहावी. निरोगी विष्ठेत हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग व थोडे स्वच्छ पाणी असे तीन भाग दिसतात. पांढरा भाग पिवळा वा हिरवा दिसू लागणे हे यकृताच्या विकाराचे चिन्ह असू शकते. पिसे फुगवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेल्या पक्ष्यास हळद-तेल पाजण्यात वेळ घालवू नये. त्यास उबदार, अंधाऱ्या खोक्यात हवेसाठी छिद्रे ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना वजनाची वही, मागील चार दिवसांत दिलेल्या खाण्याची नोंद आणि ज्या डब्यातील दाणे दिले त्यातील मूठभर नमुना सोबत घ्यावा.